किराणा दालनांतील प्रशीतन यंत्रणेची प्रतिबंधात्मक देखभाल

दूध, मांस, मासे, भाजीपाला, आइस्क्रीम असा नाशवंत माल थंड राखणाऱ्या उपकरणांची, ती बंद पडण्याची वाट न पाहता, ठरावीक कालावधीने तपासणी, स्वच्छता व समायोजन करणे आणि झिजलेले भाग बदलणे यास किराणा दालनांतील प्रशीतन यंत्रणेची प्रतिबंधात्मक देखभाल असे म्हणतात. लहान किराणा दुकानातील एकट्या डीप फ्रीझरपासून सुपरमार्केटमधील मध्यवर्ती यंत्रणेपर्यंत सर्वांना ती लागू पडते.

अन्न सुरक्षित तापमानात राखणे, वीजवापर मर्यादित ठेवणे आणि प्रशीतक वायूची गळती रोखणे ही या देखभालीची तीन मुख्य उद्दिष्टे आहेत. प्रशीतन यंत्रणा सहसा एकाएकी बंद पडत नाही. बंद पडण्यापूर्वी बराच काळ ती अधिक वीज घेऊन कमी थंडावा देत राहते. या काळात ती चालू दिसत असल्यामुळे दोष लक्षात येत नाही. हा दोष याच टप्प्यावर ओळखणे हे प्रतिबंधात्मक देखभालीचे सार होय.

## पार्श्वभूमी

क्लॅरेन्स साँडर्स यांनी १९१६ मध्ये अमेरिकेतील मेम्फिस शहरात पिगली विगली हे दुकान सुरू केले. त्यात ग्राहक स्वतः फिरून माल निवडत असे. या पद्धतीमुळे नाशवंत माल आतल्या खोलीत न ठेवता ग्राहकाच्या हाताशी मांडणे आवश्यक झाले. क्लॅरेन्स बर्ड्‌सआय यांनी विकसित केलेल्या शीघ्र गोठण पद्धतीचे खाद्यपदार्थ १९३० मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे किरकोळ विक्रीस आले. त्यानंतर दुकानांत गोठवलेल्या मालासाठी स्वतंत्र कपाटांची गरज निर्माण झाली.

आरंभीच्या यंत्रांत अमोनिया, सल्फर डायऑक्साइड, मिथिल क्लोराइड असे विषारी वायू वापरले जात. १९३० च्या दशकापासून क्लोरोफ्लुरोकार्बन वर्गातील प्रशीतके प्रचारात आली. ती बिनविषारी व न जळणारी असल्याने त्यांची गळती फारशी गंभीर मानली जात नसे. या वायूंमुळे ओझोन थराची हानी होते हे स्पष्ट झाल्यावर १९८७ चा मॉन्ट्रियल करार झाला आणि गळतीकडे पाहण्याची दृष्टी बदलली.

## यंत्रणेची रचना

बहुतेक प्रशीतन यंत्रणा बाष्प-संपीडन चक्रावर चालतात. संपीडक, म्हणजे व्यवहारातील कॉम्प्रेसर, प्रशीतकाचा दाब वाढवतो. संघनक किंवा कंडेन्सर उष्णता बाहेर टाकून त्याचे द्रवात रूपांतर करतो. प्रसरण झडप अथवा केशनलिका त्याचा दाब उतरवते. बाष्पक, म्हणजे कूलिंग कॉइल, कपाटातील उष्णता शोषून त्याचे पुन्हा बाष्प करते. तंत्रज्ञांच्या बोलीत प्रशीतकाला नुसते ‘गॅस’ म्हणतात.

दालनांमध्ये यंत्रणेचे प्रामुख्याने दोन प्रकार आढळतात.

* स्वयंपूर्ण उपकरणे: डीप फ्रीझर, काचेच्या दाराचे शीतपेयांचे कपाट इत्यादी. यांतील सर्व भाग एकाच साच्यात असतात आणि प्रशीतकाचे प्रमाण थोडे असते.
* मध्यवर्ती यंत्रणा: यंत्रखोलीत एकत्र बसवलेल्या अनेक कॉम्प्रेसरांपासून लांब नळ्यांद्वारे दालनातील कपाटांना व शीतखोल्यांना प्रशीतक पुरवले जाते. यात शेकडो किलो, मोठ्या दालनांत एक टनाहूनही अधिक प्रशीतक असू शकते. असंख्य जोड व झडपा असल्यामुळे गळतीच्या जागाही पुष्कळ असतात.

दूध, दही, ताजे मांस यांसाठी साधारणतः ०° ते ५° से. आणि गोठवलेल्या मालासाठी −१८° से. किंवा त्याहून कमी तापमान राखले जाते.

## बिघाडाचे स्वरूप

प्रशीतन यंत्रणेतील बिघाड बहुधा साखळीने घडतात. कंडेन्सरवर धूळ साचली की उष्णता बाहेर पडण्यास अडथळा येतो व आतील दाब वाढतो. त्यामुळे कॉम्प्रेसर अधिक तापतो, त्यातील तेलाचा दर्जा खालावतो आणि शेवटी मोटरीचे वेटोळे जळते. हिवाळ्यात बाहेरची हवा थंड असल्याने धुळीचा परिणाम झाकला जातो. उन्हाळ्यातील एखाद्या दुपारी कॉम्प्रेसर बंद पडतो, तेव्हा त्याचे कारण अनेक महिने आधी सुरू झालेले असते.

गळतीचेही असेच आहे. मध्यवर्ती यंत्रणेत द्रवरूप प्रशीतकाचा राखीव साठा एका टाकीत असतो. लहान गळतीची भरपाई या साठ्यातून होत राहते आणि कपाटांचे तापमान बदलत नाही. तापमान चढू लागेपर्यंत बराच वायू वातावरणात गेलेला असतो.

थंडावा कमी वाटताच दुकानात सहसा दोन उपाय केले जातात. पहिला म्हणजे तापनियंत्रक आणखी खाली लावणे. कॉइल बर्फाने भरली असल्यास यामुळे कॉम्प्रेसर जास्त वेळ चालतो आणि बर्फ वाढतो. दुसरा म्हणजे गळती न शोधता गॅस भरून घेणे. नव्याने भरलेला वायूही त्याच छिद्रातून निघून जातो. शिवाय लहान उपकरणांत प्रशीतक मोजून भरावे लागते. अंदाजाने जास्त भरल्यास ते द्रवरूपात कॉम्प्रेसरमध्ये शिरून त्याच्या झडपा मोडू शकतात.

## देखभालीची प्रमुख कामे

### कंडेन्सरची स्वच्छता

कमी खर्चात सर्वाधिक लाभ देणारे हे काम मानले जाते. संघनन तापमान १° से. ने वाढल्यास वीजवापर साधारणतः २ ते ३ टक्क्यांनी वाढतो. किराणा दुकानांत पीठ, मसाल्यांची पूड, पोत्यांचे व खोक्यांचे तंतू हवेत असल्यामुळे कंडेन्सर घरगुती उपकरणांपेक्षा लवकर भरतो.

स्वच्छतेपूर्वी वीजपुरवठा तोडला जातो. मऊ ब्रश पात्यांच्या दिशेने फिरवून किंवा धूळ ओढणारे यंत्र वापरून वरची धूळ काढतात. त्यानंतर हवेचा झोत तिच्या नेहमीच्या प्रवाहाच्या उलट दिशेने मारतात, अन्यथा धूळ पात्यांमध्ये अधिक खोल जाते. वाकलेली पाती विशेष फणीने सरळ करतात. तीव्र आम्लयुक्त द्रावणांमुळे ॲल्युमिनियमची पाती गंजतात, म्हणून सौम्य द्रावण वापरले जाते. उपकरण भिंतीला चिकटून ठेवल्यास किंवा हवा जाण्याच्या मार्गात खोकी रचल्यास स्वच्छ कंडेन्सरही निरुपयोगी ठरतो.

### कूलिंग कॉइल व हिम काढणे

हवेतील बाष्प कॉइलवर हिमाच्या रूपाने जमते. हिमाचा थर उष्णतारोधक असून तो हवेचा मार्गही अडवतो. मध्यम तापमानाच्या कपाटांत कॉम्प्रेसर काही वेळ थांबवून हिम वितळू दिले जाते. गोठण तापमानाच्या कपाटांत विजेचे तापक किंवा कॉम्प्रेसरचा उष्ण वायू वापरतात. या प्रक्रियेला डिफ्रॉस्ट म्हणतात. ती कमी वेळा झाली तर बर्फ साचतो आणि गरजेपेक्षा जास्त वेळा झाली तर माल तापतो. म्हणून तिचा कालावधी, तापकांचे काम आणि ती थांबवणारा संवेदक हे तिन्ही तपासले जातात. पावसाळ्यात हवेतील आर्द्रता वाढत असल्याने वेळापत्रकात बदल करावा लागतो.

ज्या डीप फ्रीझरमध्ये ही सोय स्वयंचलित नसते, त्यांतील बर्फाचा थर सुमारे ६ मिलिमीटर झाल्यावर माल दुसरीकडे हलवून, उपकरण बंद करून बर्फ वितळू द्यावा लागतो. सुरी किंवा पेचकसाने बर्फ खरवडल्यास आतील नळीला छिद्र पडून संपूर्ण प्रशीतक निघून जाण्याचा धोका असतो. अनेकदा असे उपकरण दुरुस्त करणे परवडत नाही.

वितळलेले पाणी वाहून नेणारी नळी तुंबल्यास कपाटात पाणी साचते, दुर्गंधी व बुरशी निर्माण होते आणि जमीन निसरडी होते. त्यामुळे नळी, तबक व जाळी नियमित धुणे हे स्वच्छतेचे तसेच सुरक्षिततेचे काम ठरते.

### दारे व हवेचा पडदा

दाराची रबरी पट्टी कडक होणे, फाटणे किंवा तिच्यातील चुंबक सैल होणे यामुळे उष्ण व दमट हवा आत शिरते. पट्टी तपासण्यासाठी दारात कागदाची पट्टी धरून दार लावतात. कागद सहज ओढला गेला तर त्या ठिकाणी फट आहे असे समजतात. रबर कोमट पाणी व सौम्य साबणाने पुसल्यास जास्त काळ टिकते.

दार नसलेल्या उघड्या कपाटांत वरून खाली वाहणारा थंड हवेचा पडदा बाहेरच्या हवेला अडवतो. अशा कपाटांवरील उष्णताभाराचा सर्वांत मोठा भाग बाहेरून मिसळणाऱ्या हवेमुळे येतो. मांडणीच्या मर्यादा-रेषेपुढे माल रचल्यास, परतीच्या हवेच्या जाळीवर पाकिटे ठेवल्यास किंवा पंख्याचा झोत कपाटावर आल्यास हा पडदा विस्कळीत होतो. या दोषावर तंत्रज्ञाची गरज नसते, माल लावणाऱ्या कर्मचाऱ्याचे प्रशिक्षण पुरते.

### गळतीची तपासणी

नळ्यांचे जोड, झडपांच्या टोप्या, कंप पावणाऱ्या नळ्या आणि एकमेकींवर घासणाऱ्या जागा येथे गळती विशेष आढळते. जोडाभोवती तेलाचा डाग दिसणे हे तिचे ठळक लक्षण होय. शोधासाठी साबणाचे पाणी, इलेक्ट्रॉनिक शोधक किंवा अतिनील प्रकाशात चमकणारे रंगद्रव्य वापरतात. दुरुस्तीनंतर कोरड्या नायट्रोजनने दाबचाचणी घेऊन निर्वात पंपाने ओलावा काढतात व त्यानंतर प्रशीतक वजन करून भरतात. प्रत्येक वेळी भरलेल्या वजनाची नोंद ठेवल्यास वर्षभरातील गळतीचा दर काढता येतो.

आर-४०४ए या सुपरमार्केटांत दीर्घकाळ प्रचलित असलेल्या प्रशीतकाची जागतिक तापमानवाढ क्षमता ३,९२२ मानली जाते. याचा अर्थ त्याच्या एका किलोची गळती सुमारे ३.९ टन कार्बन डायऑक्साइडइतकी ठरते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या अंदाजानुसार तेथील सर्वसाधारण सुपरमार्केटमधून दरवर्षी प्रशीतकाचा सुमारे २५ टक्के भाग गळून जातो.

### तापमापन व नोंदी

कपाटावरील आकडा बहुधा एका ठिकाणच्या हवेचे तापमान दाखवतो, मालाचे नव्हे. अनेक पंख्यांपैकी एक बंद पडल्यास कपाटाचे एक टोक उबदार होते, पण आकडा बदलत नाही. म्हणून वेगवेगळ्या कप्प्यांत, शक्यतो पाण्याच्या बाटलीत बुडवलेल्या स्वतंत्र तापमापकाने तपासणी केली जाते. तापमापकाची अचूकता पाहण्यासाठी ठेचलेला बर्फ व थोडे पाणी यांच्या मिश्रणात तो ठेवतात. त्याने ०° से. दाखवणे अपेक्षित असते.

एकट्या आकड्यापेक्षा नोंदींतील कल महत्त्वाचा असतो. रोज ३° से. दाखवणारे कपाट काही आठवड्यांत ४.५° से. वर आले, तर ते अजून मर्यादेत असले तरी तपासणीस पात्र ठरते.

## वेळापत्रक

उत्पादकाच्या सूचना व दालनातील परिस्थिती यांनुसार वेळापत्रक ठरते. त्याचे सर्वसाधारण स्वरूप पुढीलप्रमाणे असते.

| कालावधी | काम | कोण करते |
|---|---|---|
| दररोज | तापमानाची नोंद, दारे व मालाची मांडणी पाहणे, असामान्य आवाज व पाणी साचणे टिपणे | दुकानातील कर्मचारी |
| दर आठवड्याला | रबरी पट्ट्या, हवेच्या जाळ्या व निचऱ्याची स्वच्छता | दुकानातील कर्मचारी |
| दर महिन्याला | कंडेन्सर व पंख्यांची पाहणी, आवश्यक तेथे स्वच्छता | प्रशिक्षित कर्मचारी किंवा तंत्रज्ञ |
| दर तीन महिन्यांनी | गळती, दाब, तेलाची पातळी, विजेचे जोड व डिफ्रॉस्टची तपासणी | तंत्रज्ञ |
| दरवर्षी | कॉइलची सखोल स्वच्छता, संवेदकांची पडताळणी, धोक्याच्या घंटेची व जनित्राची चाचणी | तंत्रज्ञ |

## अन्नसुरक्षेशी संबंध

जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार ५° ते ६०° से. या पट्ट्यात जीवाणूंची वाढ वेगाने होते. लिस्टेरिया मोनोसायटोजेनीस हा जीवाणू तर रेफ्रिजरेटरच्या तापमानातही हळूहळू वाढतो. गर्भवती स्त्रिया, नवजात अर्भके व वृद्ध यांना त्याच्या संसर्गाचा धोका अधिक असतो. त्यामुळे तापमान एक-दोन अंशांनी चढणे ही नगण्य बाब मानली जात नाही.

वितळून पुन्हा गोठलेले आइस्क्रीम खरखरीत लागते, म्हणून ते ओळखू येते. दूध, मासे किंवा मांस काही तास उबदार राहून पुन्हा थंड झाले, तर ते पाहून कळेलच असे नाही. अशा वेळी माल विकावा की टाकून द्यावा याचा निर्णय तापमानाच्या नोंदींवरच घ्यावा लागतो. नोंद नसल्यास धोका ग्राहकावर ढकलला जातो.

अमेरिकेच्या कृषी विभागाच्या घरगुती वापरासाठीच्या सूचनेनुसार, वीज गेल्यावर दार न उघडल्यास रेफ्रिजरेटर सुमारे ४ तास, पूर्ण भरलेला फ्रीझर ४८ तास आणि अर्धा भरलेला २४ तास सुरक्षित तापमान राखतो. दुकानातील उघडी कपाटे यापेक्षा खूपच लवकर तापतात.

## तंत्रज्ञांची सुरक्षितता

दाबचाचणीसाठी ऑक्सिजन वापरणे अत्यंत धोकादायक आहे. तेलाशी संयोग होऊन स्फोट होऊ शकतो. आर-२९० हे प्रोपेनयुक्त प्रशीतक ज्वालाग्राही असल्याने त्याच्या जवळ ठिणगी अथवा ज्योत चालत नाही. कार्बन डायऑक्साइड, म्हणजे आर-७४४, ज्वालाग्राही नाही, परंतु तो फार उच्च दाबाखाली असतो आणि बंद खोलीत साचल्यास गुदमरण्याचा धोका संभवतो. बहुतेक प्रशीतके हवेपेक्षा जड असल्याने यंत्रखोलीत जमिनीलगत साचतात. शीतखोलीचे दार आतून उघडता येते की नाही, हे तपासणे देखभालीचाच भाग आहे.

## कायदेशीर तरतुदी

भारतात अन्न सुरक्षा आणि मानके अधिनियम, २००६ व त्याखालील २०११ च्या परवाना व नोंदणी नियमांची चौथी अनुसूची स्वच्छताविषयक अपेक्षा निश्चित करते. थंड अन्नासाठी ५° से. किंवा त्याहून कमी आणि गोठवलेल्या अन्नासाठी −१८° से. किंवा त्याहून कमी ही भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाची सर्वसाधारण मर्यादा आहे.

युरोपीय संघात यंत्रणेतील फ्लोरिनयुक्त वायूच्या कार्बन डायऑक्साइड-समतुल्य प्रमाणानुसार गळती तपासणी बंधनकारक आहे. २०१४ च्या नियमनाने हे प्रमाण ५ टनांपासून पुढे असल्यास दर १२ महिन्यांनी, ५० टनांपासून दर ६ महिन्यांनी आणि ५०० टनांपासून दर ३ महिन्यांनी तपासणी ठरवून दिली. गळतीशोधक यंत्रणा असल्यास ही मुदत दुप्पट होते. अमेरिकेत ओझोनला घातक प्रशीतक ५० पौंड किंवा अधिक असलेल्या व्यापारी प्रशीतन यंत्रणेची वार्षिक गळती २० टक्क्यांहून अधिक झाल्यास सामान्यतः ३० दिवसांत दुरुस्ती करावी लागते.

मॉन्ट्रियल कराराची २०१६ ची किगाली दुरुस्ती भारताने २०२१ मध्ये स्वीकारली. तिच्यानुसार भारतातील हायड्रोफ्लुरोकार्बनचा वापर २०२८ मध्ये गोठवून २०४७ पर्यंत ८५ टक्क्यांनी घटवायचा आहे.

## भारतातील परिस्थिती

भारतातील बहुसंख्य किराणा दुकाने लहान असून त्यांत एक-दोन स्वयंपूर्ण उपकरणे असतात. आइस्क्रीम किंवा शीतपेयांचे फ्रीझर अनेकदा संबंधित कंपनीने दिलेले असतात. दुरुस्ती कंपनीकडे आणि रोजचा वापर दुकानदाराकडे अशी विभागणी झाल्याने स्वच्छतेची जबाबदारी अनिश्चित राहू शकते. मोठी दालने यासाठी वार्षिक देखभाल करार करतात. करारात तपासणीची कामे व नोंदींचे स्वरूप स्पष्ट नसल्यास तो प्रत्यक्षात बिघाडानंतरच्या दुरुस्तीपुरता उरतो.

विजेच्या दाबातील चढउतार हे कॉम्प्रेसर जळण्याचे एक महत्त्वाचे कारण आहे. त्यासाठी स्टॅबिलायझर आणि वीज परत आल्यावर काही मिनिटांनी कॉम्प्रेसर सुरू करणारी विलंब-कळ वापरतात. या विलंबामुळे दोन्ही बाजूंचे दाब समान होण्यास अवधी मिळतो. रात्री दुकान बंद करताना वीज वाचवण्यासाठी फ्रीझर बंद करण्याची सवय मात्र मालाला घातक ठरते.

प्रदेशानुसार देखभालीचे स्वरूप बदलते. मुंबई, कोकण व गोव्याच्या किनाऱ्यावर खारी, दमट हवा कंडेन्सरची पाती व विजेचे जोड गंजवते. विदर्भात उन्हाळ्यात पारा ४५° से. पर्यंत जातो. प्रदर्शन कपाटांच्या आयएसओ २३९५३ या मानकातील तिसरा हवामान वर्ग मात्र २५° से. तापमान व ६० टक्के आर्द्रता गृहीत धरतो. वातानुकूलन नसलेल्या दुकानात असे कपाट ठेवल्यास ते निर्दोष असूनही अपुरे पडू शकते. म्हणून उन्हाळ्यापूर्वी कंडेन्सरची आणि पावसाळ्यापूर्वी डिफ्रॉस्ट व निचऱ्याची तपासणी करणे उपयुक्त ठरते.

मार्च २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय शीतलन कृती आराखड्यात २०२२-२३ पर्यंत एक लाख सेवा तंत्रज्ञांना प्रशिक्षण व प्रमाणपत्र देण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले होते.

## मर्यादा

प्रतिबंधात्मक देखभालीने सर्व बिघाड टळत नाहीत. निर्मितीतील दोष, वीज कोसळणे किंवा उपकरणाचे आयुष्य संपणे यांवर तिचा उपाय चालत नाही. गरज नसताना दाबमापक वारंवार जोडल्यासही प्रत्येक वेळी थोडा वायू निसटतो. त्यामुळे मोठ्या दालनांत संवेदकांच्या नोंदींवरून गरजेनुसार देखभाल करण्याकडे कल वाढला आहे. लहान दुकानांत मात्र तापमापक, नोंदवही व ब्रश ही या देखभालीची मुख्य साधने आहेत.

## हेही पहा

* प्रशीतन
* शीतसाखळी
* मॉन्ट्रियल करार
* भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरण